पाणी उडतं, मीठ मागे राहतं: घरातल्या खाऱ्या पाण्याच्या फिश टँकमध्ये मिठाचं प्रमाण कसं सांभाळायचं?

मे महिना. पुण्यातलं एक घर. हॉलमध्ये खाऱ्या पाण्याचा फिश टँक आहे, त्यात १५० लिटर पाणी आहे. दोन क्लाउनफिश आहेत, म्हणजे 'फाइंडिंग निमो' या सिनेमामुळे लहान मुलांच्याही ओळखीचे झालेले केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे मासे. सोबत एक लाल-पांढरी कोळंबी. उकाडा वाढला म्हणून पाण्यावर वारा लागेल असा एक छोटा पंखा लावलेला आहे.

रोज संध्याकाळी पाण्याची पातळी अर्धा-पाऊण सेंटिमीटर खाली गेलेली दिसते. घरातले विचार करतात, टँक समुद्राच्या पाण्याचा आहे, तर भरही खाऱ्या पाण्याचीच घालायला हवी. मग मोजूनमापून मीठ कालवलेलं पाणी ओतलं जातं. पातळी जागेवर येते. पाणी नितळ, मासे पोहतायत, सगळं छान चाललंय.

महिनाभराने एका सकाळी कोळंबी तळाशी निपचित पडलेली असते. दोन दिवसांनी मासे जोरजोरात कल्ले हलवायला लागतात. पाणी तर कधीच कमी पडू दिलं नव्हतं, मग बिघडलं कुठे?

हा प्रसंग काल्पनिक आहे, पण ही चूक खाऱ्या पाण्याचा टँक नव्याने ठेवणाऱ्यांकडून खरोखर होते. चांगल्या हेतूने आणि नियमितपणे केली जाते, म्हणून ती लवकर लक्षातही येत नाही. ती समजून घ्यायची तर आधी मिठाचा हिशेब समजून घ्यावा लागेल.

क्षारता म्हणजे नेमकं काय?

शाळेच्या भूगोलात 'सागरजलाची क्षारता' हा धडा बहुतेकांनी वाचलेला असतो. एक किलो समुद्राच्या पाण्यात किती ग्रॅम क्षार विरघळलेले आहेत, हे सांगणारा आकडा म्हणजे क्षारता. जगातल्या महासागरांची सरासरी क्षारता दर हजारी ३५ आहे. म्हणजे एक किलो पाण्यात ३५ ग्रॅम क्षार. फिश टँकच्या दुनियेत यालाच '३५ पीपीटी' म्हणतात.

हा आकडा सगळीकडे सारखा नसतो. बंगालच्या उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रेसारख्या नद्या प्रचंड गोडं पाणी आणून ओततात, त्यामुळे तिथली क्षारता कमी. अरबी समुद्रात पावसाने आणि नद्यांनी मिळतं त्यापेक्षा जास्त पाणी वाफ होऊन उडून जातं, म्हणून तो तुलनेने जास्त खारट. लाल समुद्रात तर मोठ्या नद्या नाहीत, पाऊस जवळपास नाही आणि ऊन कडक. तिथे क्षारता ४०च्या आसपास जाते.

घरातला फिश टँक या बाबतीत लाल समुद्रासारखाच असतो. त्याला नदी मिळत नाही, त्यावर पाऊस पडत नाही, आणि बाष्पीभवन मात्र चोवीस तास चालू असतं. नदीचं काम घरातल्या माणसालाच करावं लागतं.

घरच्या टँकसाठी साधारणपणे ३५ पीपीटी हेच लक्ष्य धरतात. अनेक उपकरणांवर हा आकडा 'विशिष्ट घनता' या मापात दिसतो. पाण्याचं तापमान २५ अंश सेल्सिअस असेल, तर ३५ पीपीटी म्हणजे सुमारे १.०२६.

पाणी कमी झालं की खारटपणा का वाढतो?

कारण वाफ फक्त पाण्याची होते, मिठाची होत नाही. भाजीचा रस्सा आटला की खारट लागतो, तोच हा प्रकार.

आता वरच्या घरातला हिशेब मांडू. सोपं जावं म्हणून एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ धरू. १५० लिटरमध्ये एकूण ५,२५० ग्रॅम, म्हणजे सव्वापाच किलो मीठ झालं. पंखा चालू असल्याने रोज दोन लिटर पाणी उडतं असं समजू.

- पाच दिवस भर घातलीच नाही, तर १४० लिटर पाणी उरेल. मीठ तेवढंच. क्षारता ३७.५ होईल.
- दहा दिवस घातली नाही, तर पाणी १३० लिटर आणि क्षारता ४०च्या वर. म्हणजे दहा दिवसांत थेट लाल समुद्र.
- रोज दोन लिटर गोडं पाणी घातलं, तर पाणी १५० लिटर, मीठ सव्वापाच किलो, क्षारता ३५. काहीही बदल नाही.
- रोज दोन लिटर खारं पाणी घातलं, तर दररोज ७० ग्रॅम मीठ जास्तीचं जाईल. तीस दिवसांत २,१०० ग्रॅम. पाणी १५० लिटरच, पण मीठ ७,३५० ग्रॅम. क्षारता ४९.

शेवटचा आकडा म्हणजेच त्या घरात घडलेली गोष्ट. आळस करून भर न घालणाऱ्याच्या टँकमध्ये निदान पातळी घसरलेली दिसते, त्यामुळे काहीतरी चुकतंय हे कळतं. खाऱ्या पाण्याची भर घालणाऱ्याला तीही खूण मिळत नाही. काचेबाहेरून ३५चं पाणी आणि ४९चं पाणी सारखंच नितळ दिसतं.

म्हणून पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम असा: उडून गेलेल्या पाण्याची भर गोड्या पाण्याने घालायची. खारं पाणी घालायचं ते टँकमधून खारं पाणी बाहेर काढलं असेल तेव्हाच.

माशाला त्याने काय फरक पडतो?

समुद्री माशाच्या रक्तातल्या क्षारांचं प्रमाण समुद्राच्या पाण्याच्या साधारण एक तृतीयांश असतं. म्हणजे आजूबाजूचं पाणी त्याच्या शरीरापेक्षा कितीतरी जास्त खारट. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की त्यांना पाणी सुटतं. समुद्रातल्या माशाच्या शरीरातूनही तसंच सतत पाणी बाहेर खेचलं जात असतं.

ती तूट भरून काढायला मासा समुद्राचं पाणी पितो, जास्तीचं मीठ कल्ल्यांमधल्या खास पेशींमधून बाहेर टाकतो आणि लघवी अगदी थोडी करतो. हे सगळं करायला ऊर्जा लागते. क्षारता वाढली की पाणी आणखी जोरात खेचलं जातं आणि माशाला आणखी मेहनत करावी लागते. हळूहळू झालेला बदल निरोगी मासा बऱ्यापैकी पचवतो. अचानक झालेल्या बदलाशी जुळवून घ्यायला त्याला वेळच मिळत नाही.

कोळंबी, तारामासा, समुद्रफूल आणि प्रवाळ या पाठीचा कणा नसलेल्या जिवांची गोष्ट वेगळी आहे. तारामासा किंवा प्रवाळ यांच्याकडे माशासारखी मीठ बाहेर टाकणारी यंत्रणा नसते. बाहेरच्या पाण्यात जेवढं मीठ, साधारण तेवढंच त्यांच्या शरीरातल्या द्रवात. पाणी बदललं की त्यांच्या पेशी थेट फुगतात किंवा आकसतात. कोळंबीलाही अचानक झालेला बदल सोसत नाही. म्हणून क्षारता बिघडली की बहुतेकदा पहिला बळी यांचाच जातो. त्या घरातही कोळंबी आधी गेली, ती यामुळेच.

लाल समुद्रातले मासे ४०च्या क्षारतेत मजेत जगतात, कारण त्यांचं पाणी पिढ्यानपिढ्या तसंच आहे. घरच्या टँकमध्येही ३४ की ३५ यावरून फार बिघडत नाही. आज ३३, परवा ३७, पुढच्या आठवड्यात पुन्हा ३४ अशी हेलकावे खाणारी क्षारता मात्र जिवावर बेतते.

स्वयंपाकघरातलं मीठ का चालत नाही?

याचं उत्तर पेण-उरणच्या किंवा मुंबईतल्या भांडुप-मुलुंडच्या मिठागरांमध्ये सापडतं. मिठागरात समुद्राचं पाणी वाफ्यांमध्ये घेऊन उन्हात आटवतात. पाणी आटत जातं तसे त्यातले क्षार एकदम खाली बसत नाहीत, एकेक करून बसतात. आधी कॅल्शियमचे क्षार, मग खाण्याचं मीठ म्हणजे सोडियम क्लोराईड. शेवटी मॅग्नेशियम आणि पोटॅशियमचे क्षार असलेलं कडवट पाणी उरतं. हे पाणी मिठापासून वेगळं काढतात, नाहीतर मीठ कडू लागेल.

म्हणजे आपण खातो ते मीठ समुद्रातूनच आलेलं असलं, तरी ते पूर्ण समुद्र नव्हे. दर हजारी ३५ ग्रॅम क्षारांमध्ये साधारण १९.३ ग्रॅम क्लोराईड, १०.८ ग्रॅम सोडियम, २.७ ग्रॅम सल्फेट, १.३ ग्रॅम मॅग्नेशियम आणि प्रत्येकी ०.४ ग्रॅम कॅल्शियम व पोटॅशियम असतं. खाण्याच्या मिठात यातले पहिले दोनच मुख्यतः उरतात. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशिवाय प्रवाळ आपला सांगाडा बांधू शकत नाही. शिवाय पाकिटातल्या मिठात वरून आयोडीन आणि मीठ मोकळं राहावं म्हणून इतर पदार्थ घातलेले असतात.

'सैंधव किंवा खडेमीठ नैसर्गिक आहे, ते चालेल का?' असाही प्रश्न असतो. तेही मुख्यतः सोडियम क्लोराईडच असतं, त्यामुळे उत्तर 'नाही' असंच आहे. ॲक्वेरियमच्या दुकानात 'मरीन सॉल्ट' किंवा 'रीफ सॉल्ट' नावाने मिळणारं मिश्रणच लागतं. मात्र 'ॲक्वेरियम सॉल्ट' असं लिहिलेलं पाकीट बहुतेकदा गोड्या पाण्यातल्या माशांच्या औषधोपचारासाठी असतं. ते साधं मीठ असतं. नावातल्या साम्यामुळे फसगत होऊ शकते.

समुद्राच्या क्षारांची एक गंमत मात्र टँक सांभाळणाऱ्यांच्या सोयीची आहे. १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' या ब्रिटिश जहाजाने जगभर फिरून समुद्राच्या पाण्याचे नमुने गोळा केले. रसायनशास्त्रज्ञ विल्यम डिटमार यांनी त्यातले ७७ नमुने तपासले आणि १८८४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. खारटपणा कुठे कमी, कुठे जास्त असला, तरी मुख्य क्षारांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. त्यामुळे चांगलं मरीन सॉल्ट वापरलं असेल, तर प्रत्येक क्षार रोज वेगळा मोजत बसावं लागत नाही. क्षारतेचा एक आकडा बरंच काही सांगून जातो.

मग थेट समुद्राचंच पाणी आणलं तर?

कोकण किनाऱ्यावर किंवा मुंबईत राहणाऱ्यांना हा विचार सुचणं साहजिक आहे. पण किनाऱ्याजवळच्या पाण्यात सांडपाणी, तेल, गाळ आणि रोगजंतू असू शकतात. पावसाळ्यात ओढे, नाले आणि खाड्यांमधून गोडं पाणी येऊन मिसळतं आणि किनाऱ्यालगतची क्षारता खाली येते. जूनमध्ये आणलेलं पाणी आणि जानेवारीत आणलेलं पाणी सारखं नसतं. घरात मीठ कालवून केलेलं पाणी दर वेळी एकसारखं करता येतं, हा त्याचा मोठा फायदा.

भर घालायला कोणतं गोडं पाणी वापरायचं?

नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातही क्षार असतात. समजा त्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेले घटक, लिटरमागे ३०० मिलिग्रॅम आहे. महिन्याला ६० लिटर भर घातली, तर १८ ग्रॅम घटक टँकमध्ये साठतील. सव्वापाच किलोपुढे हा आकडा किरकोळ वाटतो आणि क्षारतेवर त्याचा फारसा परिणाम होतही नाही. पण त्यात नायट्रेट, फॉस्फेट, सिलिका असेल तर शेवाळ माजतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घातक ठरतं ते वेगळंच.

म्हणून आरओचं पाणी वापरतात. इथे एक मेख आहे. घरगुती आरओ यंत्रांपैकी अनेकांमध्ये चवीसाठी थोडं न गाळलेलं पाणी किंवा खनिजं पुन्हा मिसळायची सोय असते. त्यामुळे नळाखाली धरलेल्या ग्लासातला टीडीएस शून्याजवळ नसतो. टीडीएस मोजायचा साधा पेन मीटर घेऊन एकदा तपासलेलं बरं. टँक हौशीने ठेवणारे अनेक जण आरओनंतर 'डीआय' नावाचं आणखी एक गाळण लावून टीडीएस शून्यावर आणतात.

आणखी एक गोष्ट खास आपल्या घरांसाठी. पिण्याचं पाणी तांब्याच्या हंड्यात किंवा कळशीत भरून ठेवायची पद्धत अनेक घरांत आहे. माणसाला चालणारं ते पाणी टँकमध्ये घालू नये. कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ यांच्यासाठी तांबं अगदी कमी प्रमाणातही विषारी ठरतं. पाणी साठवायला आणि मीठ कालवायला खाद्यपदार्थांसाठी चालणारा प्लास्टिकचा डबा किंवा बादली वेगळी ठेवावी. त्या बादलीत कधीही साबण जाता कामा नये.

मोजायचं कशाने?

चव घेऊन किंवा पाण्याकडे बघून क्षारता कळत नाही. त्यासाठी तीन प्रकारची साधनं मिळतात.

*हायड्रोमीटर:* सगळ्यात स्वस्त. प्लास्टिकच्या चपट्या डबीत पाणी भरलं की आतला काटा वर उचलला जातो आणि आकडा दाखवतो. काट्याला हवेचे बुडबुडे चिकटले किंवा त्यावर मिठाचा थर बसला, तर आकडा चुकतो. बुडबुड्यांनी काटा वर उचलला जातो आणि पाणी आहे त्यापेक्षा जास्त खारट दिसतं. डबी हलकेच टिचकी मारून बुडबुडे काढावेत आणि वापरून झाली की गोड्या पाण्याने धुवावी.

*रिफ्रॅक्टोमीटर:* छोट्या दुर्बिणीसारखं दिसणारं साधन. काचेवर दोन-तीन थेंब टाकून, झाकण लावून, उजेडाकडे बघायचं. जिथे निळा आणि पांढरा भाग मिळतो, तो आकडा. हे बऱ्यापैकी अचूक असतं, पण आधी ते जुळवून घ्यावं लागतं. अनेक जण शुद्ध पाणी टाकून शून्य जुळवतात आणि निर्धास्त होतात. मात्र बाजारातले बरेच रिफ्रॅक्टोमीटर समुद्राच्या पाण्यासाठी नव्हे, तर साध्या मिठाच्या पाण्यासाठी बनवलेले असतात. ते शून्याला बरोबर आणि ३५ला एक-दीड अंकाने चुकीचे असू शकतात. म्हणून ३५ पीपीटीचं तयार द्रावण विकत मिळतं, त्यावर जुळवणी करणं जास्त भरवशाचं. ज्या आकड्याच्या आसपास मोजायचं आहे, तिथेच उपकरण बरोबर हवं.

*विद्युतवाहकता मीटर:* पाण्यात जितके क्षार जास्त, तितकी वीज सहज वाहते, या तत्त्वावर चालतो. २५ अंशांना ३५ पीपीटी पाण्याची वाहकता सुमारे ५३ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर असते. यालाही अधूनमधून प्रमाणित द्रावणाने जुळवावं लागतं.

आरओ तपासायचा टीडीएस पेन इथे कामाचा नाही. समुद्राच्या पाण्यातला आकडा ३५,०००च्या घरात जातो आणि या पेनांची मोजपट्टी त्याच्या खूप आधी संपते.

पाणी बदलताना काय करायचं?

भर घालणं आणि पाणी बदलणं ही दोन वेगळी कामं आहेत. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून साठणारी घाण कमी करायला दर आठवड्या-पंधरवड्याने थोडं पाणी काढून नवीन घालतात. इथे काढलेलं पाणी खारं असतं, त्यामुळे नवीन पाणीही तितकंच खारं हवं.

१५० लिटरच्या टँकमधून दहा टक्के, म्हणजे १५ लिटर पाणी काढायचं असेल, तर आधी बादलीत १५ लिटर आरओचं पाणी घ्यावं आणि त्यात हळूहळू मीठ घालत ढवळावं. मिठाच्या ढिगावर पाणी ओतू नये. तसं केल्यास सुरुवातीला फार दाट द्रावण होतं आणि कॅल्शियम पांढऱ्या भुकटीसारखं खाली बसू शकतं. लिटरला साधारण ३५ ते ४० ग्रॅम मिश्रण लागतं. नेमकं किती, ते पाकिटावर लिहिलेलं असतं, पण शेवटचा शब्द उपकरणाचा. मिश्रणात ओल धरलेली असेल, तर वजन जास्त भरतं आणि मीठ कमी पडतं. कोकणातल्या पावसाळ्यात उघडं राहिलेलं पाकीट दगडासारखं घट्ट होतं, म्हणून हवाबंद डबा हवाच.

छोटा पंप लावून पाणी पूर्ण नितळ होईपर्यंत फिरवत ठेवायचं. तापमान टँकइतकं आणायचं. क्षारता मोजायची. जुळली की मगच बदलायचं. घाईत सुकं मीठ थेट टँकमध्ये टाकणं ही घातक चूक आहे. न विरघळलेले खडे ज्या जिवावर पडतील, त्याला भाजल्यासारखी इजा होते.

आकडा चुकलाच तर?

पहिली गोष्ट, घाबरून एकदम दुरुस्ती करायची नाही. उपकरण जुळवून पुन्हा मोजायचं. चूक पाण्यात नसून उपकरणात असू शकते. पाण्यातच चूक असेल, तर दिवसाला साधारण एक पीपीटी या गतीने परत यायचं.

*क्षारता ३८ झाली असेल तर:* १५० लिटरमधून चार लिटर खारं पाणी काढून चार लिटर गोडं पाणी घालावं. क्षारता ३७ होईल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच, ३६. तिसऱ्या दिवशी ३५. रोजची बाष्पीभवनाची भर याशिवाय वेगळी घालायची.

*क्षारता ३२ झाली असेल तर:* इथे काही दिवस नेहमीचा नियम उलटा करायचा. उडालेल्या पाण्याची भर ३५च्या खाऱ्या पाण्याने घालायची. रोज दोन लिटर, म्हणजे ७० ग्रॅम मीठ. दिवसाला अर्ध्या पीपीटीहून थोडी कमी वाढ. सहा-सात दिवसांत टँक ३५वर येतो. तिथे पोहोचल्याबरोबर पुन्हा गोडं पाणी सुरू करायचं.

पाहिलंत तर त्या पुण्याच्या घराने वापरलेला उपाय हाच होता. फक्त त्यांच्या टँकला तो आजार नव्हता.

कमी झालेली क्षारता वर नेताना जास्त सावकाश जायचं असतं, कारण खारटपणा वाढताना माशाच्या शरीरातलं पाणी कमी होतं आणि ते सोसणं त्याला जड जातं.

क्षारता आपोआप कमी कशी होते?

टँकच्या काठांवर, पाइपवर आणि वायरींवर पांढरे खडबडीत थर जमतात. उडालेल्या थेंबांमधलं पाणी वाळून मागे राहिलेलं हे मीठ असतं. घाण फेसावाटे बाहेर काढणारं स्किमर हे यंत्र असेल, तर त्याच्या भांड्यात जमलेलं पाणीही खारंच असतं. हे मीठ टँकमधून कायमचं बाहेर जातं. त्याच्या जागी गोडं पाणी येत राहिलं, तर काही महिन्यांत क्षारता हळूहळू उतरते. म्हणून फक्त पातळी सांभाळून भागत नाही, आठवड्यातून एकदा मोजावंच लागतं.

वायरींवरचं मीठ विजेच्या दृष्टीनेही धोक्याचं आहे. ते ओल धरतं. ओल्या फडक्याने पुसण्याआधी मुख्य बटण बंद करावं. वायर प्लगपर्यंत सरळ उतरत असेल, तर तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी सॉकेटमध्ये न जाता तिथूनच गळून पडेल.

उन्हाळा, पावसाळा आणि गावाला जाणं

नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात आणि मुंबईच्या दमट जुलैमध्ये एकाच आकाराच्या टँकमधून उडणारं पाणी सारखं नसतं. पंखा किंवा एसी चालू असेल तर ते आणखी बदलतं. म्हणून 'रोज दोन लिटर' असा ठरावीक मापाचा नियम उपयोगाचा नाही. क्षारता बरोबर असताना काचेवर पट्टी चिकटवून किंवा मार्करने रेघ मारून पातळीची खूण करून ठेवावी आणि भर रेघेपर्यंत घालावी. टँकखाली पाणी गाळायची वेगळी टाकी, म्हणजे संप असेल, तर पातळी मुख्य टँकमध्ये नव्हे, संपमधल्या पंपाच्या कप्प्यात घसरते. खूण तिथे हवी.

पाणी कमी झालं की आपोआप भर घालणारी यंत्रणाही मिळते. तिला 'ऑटो टॉप-ऑफ' म्हणतात. ती मोठी सोय आहे, पण तिचा तरंगता खटका कधी अडकूही शकतो. तसं झालं, तर डब्यातलं सगळं गोडं पाणी टँकमध्ये जाईल. डबा दहा लिटरचा असेल, तर क्षारता ३५वरून ३३च्या जवळ येईल. ५० लिटरच्या पिंपाला ती जोडली असेल, तर नुकसान कितीतरी मोठं. म्हणून डबा चार-पाच दिवसांना पुरेल एवढाच ठेवावा.

गणपतीत किंवा मे महिन्यात आठवडाभर गावाला जायचं असेल, तर शेजारच्या काकूंना 'लागेल तेवढं पाणी घाला' असं सांगून जाऊ नये. एक-एक लिटरच्या बाटल्यांमध्ये आरओचं पाणी भरून ठेवावं, काचेवरची रेघ दाखवावी आणि रेघेच्या वर जायचं नाही एवढंच सांगावं. मिठाचा डबा नजरेआड ठेवलेला बरा.

नवीन मासा आणल्यावर

दुकानातल्या टाकीची क्षारता घरच्यापेक्षा वेगळी असू शकते. काही दुकानांमध्ये फक्त मासे असलेल्या टाक्यांमध्ये ती मुद्दाम कमी ठेवलेली असते, कारण काही परजीवी कमी क्षारतेत टिकत नाहीत आणि मीठही कमी लागतं. त्यामुळे पिशवी घरी आली की तिच्यातल्या पाण्याची क्षारता आधी मोजावी. फरक थोडा असेल, तर पिशवीतल्या पाण्यात टँकचं पाणी थेंबाथेंबाने मिसळत जावं. फरक मोठा असेल, तर मासा वेगळ्या टाकीत दुकानाच्या क्षारतेलाच ठेवून काही दिवसांत ती वाढवणं सुरक्षित. कोळंबी आणि तारामाशासाठी हा वेळ आणखी जास्त द्यावा लागतो.

विकत घेताना आणखी एक लक्षात ठेवायला हवं. दगडी प्रवाळ, समुद्री घोडे आणि समुद्री काकड्या यांना भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षण आहे. आपल्या समुद्रातून काढलेले हे जीव विकणं किंवा पाळणं गुन्हा ठरतो.

थोडक्यात रोजचं काम किती?

रोज एक मिनिट: रेघ बघा, गोड्या पाण्याने रेघेपर्यंत भर घाला. आठवड्यातून पाच मिनिटं: क्षारता मोजा आणि तारखेसह वहीत लिहा. पाणी बदलण्याच्या दिवशी: नवीन पाण्याची क्षारता टँकशी जुळवा. महिन्यातून एकदा: उपकरण ३५च्या द्रावणावर तपासा.

वहीचं काम वरवर कंटाळवाणं वाटतं, पण सगळ्यात आधी धोका तिथेच दिसतो. ३५, ३८, ४१.५ असे तीन आठवड्यांचे आकडे एकाखाली एक लिहिलेले असते, तर त्या घरात चौथ्या आठवड्याची वाट बघावी लागली नसती. पाण्यात काय चाललंय ते कोळंबीला कळत होतं, पण सांगता येत नव्हतं. ते वहीने सांगितलं असतं.